न जुळणारा चार्जर

सतरा वर्षं मी जळगावात चार्जर आणि केबली विकतेय. काउंटरवर येणाऱ्या माणसांचे मी मनातल्या मनात रकाने पाडून ठेवलेत. दहातले चार जण दोष बॅटरीचा असताना केबलीला शिव्या घालतात. तिघांचा चार्जर ठणठणीत असतो, फक्त फोनच्या भोकात खिशातला कचरा भरलेला असतो. टाचणीनं तो काढून दिला की ते माझ्याकडे मोठ्या सर्जनकडे बघावं तसे बघतात. दोघांना नेमकं काय हवंय ते घरी फोन करून विचारावं लागतं. उरलेला एक गार हवेत उभं राहायला येतो, कारण बाहेर मे महिना असतो.

दिगंबर बेंडाळे यातल्या एकाही रकान्यात बसला नाही. चाळिशी ओलांडलेला, शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव, अंगाला पिकत्या केळीचा गोडसर वास. काउंटरवर फोन ठेवून तो म्हणाला, "ताई, याला जुळणार नाही असा चार्जर द्या."

"जुळणार नाही असा?"

"हो. पण ओरिजनल. केबलही ओरिजनल. शिक्के, नंबर सगळं पाहिजे. फक्त यांचं आपसात जमायला नको."

"भाऊ, लोक इथे जमवायला येतात."

"माहितीये. म्हणून तर तुमच्याकडे आलो. जिला जमवता येतं तिलाच मोडता येतं."

एवढं बोलेपर्यंत त्याचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा त्यानं बघितलं, खाली ठेवला, परत बघितला. मी म्हटलं, "बसा आधी." तो बसला नाही.

त्याची अडचण समजायची तर नव्या बॅटऱ्यांचं थोडं सांगायला हवं.

पूर्वीच्या बॅटरीच्या पोटात एक द्रव असायचा. त्यात घाईघाईनं वीज भरली की तो तापायचा, फुगायचा, क्वचित पेटायचा. सहा वर्षांपूर्वी त्या द्रवाच्या जागी चिनीमातीसारख्या पदार्थाचा पातळ थर आला. हा थर उष्णतेला भीत नाही. मग कंपन्यांनी हात सैल सोडले. पूर्वी तासभर लागायचा, तिथे आता तीन मिनिटांत बॅटरी भरते. चारशे वॅट, म्हणजे छोट्या मिक्सरइतकी वीज, बोटाएवढ्या प्लगमधून आत जाते. एवढी वीज शेजारून वाहत असताना फोनचे बाकीचे नाजूक भाग जपायला हवेत. म्हणून प्लग लागला की फोन झोपतो. वाजत नाही, चार्जिंगच्या माहितीशिवाय काही दाखवत नाही. प्लग काढला की जागा होतो. तीन मिनिटांच्या झोपेबद्दल कोण तक्रार करणार?

लोकांच्या तोंडचं एक वाक्य मात्र त्या दिवशी वारलं. "अगं, फोन चार्जिंगला लावला होता." या वाक्यावर या शहरात किती लग्नं टिकली, किती साहेब टळले, किती मावश्यांचे फोन चुकवले गेले, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. तीन मिनिटांत कोणाला चुकवणार?

दिगंबर केळी पिकवायच्या केंद्रात पर्यवेक्षक होता. बारा चेंबर. प्रत्येकात शेकडो क्रेट हिरवी केळी. अठरा अंशांची हवा, केळी पिकवणारा इथिलीनचा गॅस, आणि भिंतीवर सेन्सर. अर्धा अंश इकडेतिकडे झाला की सेन्सर त्याला फोन करायचे. अर्धा अंश जागेवर आला की तेही फोन करून कळवायचे.

"दिवसाला किती?"

"परवा मोजले. एकशे बारा. त्यातले कामाचे नऊ."

"बंद करून ठेवा की."

"फोन बंद म्हणजे गैरहजर. करारात आहे. चार्जिंग चालू असेल तर मात्र माफ. तेव्हा फोन दुसऱ्या माणसाकडे जातो. चार्जिंग किती वेळ चालावं हे त्यांनी लिहिलेलंच नाही. लिहिणाऱ्याला वाटलं, तीन मिनिटांचं काय लिहायचं!" तो पहिल्यांदाच हसला. "फक्त चार्जर-केबल अस्सल आहे का, ते कंपनीचं ॲप तपासतं."

माणूस हुशार होता. पण हुशारीच्या मागे काहीतरी हाकत होतं, ते त्याच्या पायांवरून कळत होतं. एका जागी ठरत नव्हते.

"आणि हा वेळ कोणाला द्यायचाय?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं. बायको चारुशीला, सरकारी रक्तपेढीत तंत्रज्ञ. तिला बढती आलीय, नंदुरबारला. होकार की नकार, पंचवीस तारखेपर्यंत कळवायचं. मुलगी पुण्यात शिकायला. चारुशीला त्याला म्हणाली होती, इथं राहून तरी कोणासोबत राहतेय मी? संध्याकाळी एक तास तरी माझ्यासमोर बसलेला माणूस दिसला तर राहीन, नाहीतर तिकडे निदान पगारी एकटी असेन.

"आज सात तारीख," तो म्हणाला.

मी कामाला लागले. चार्जर, केबल आणि फोन हे तीन पक्ष असतात. प्लग लागला की वीज वाहायच्या आधी ते आपसात बोलतात. चार्जर विचारतो, "अठ्ठेचाळीस व्होल्ट देऊ?" केबलीच्या टोकात बारीकशी चिप असते, ती सांगते, "माझ्या तारेला एवढा भार पेलेल." फोन म्हणतो, "चालेल." तिघांचा होकार आला तरच चारशे वॅट. एकानं जरी मान हलवली नाही तरी बोलणी मोडतात आणि सगळे जुन्या पाच व्होल्टवर येतात. तिथे कोणाचा कोणाशी वाद नसतो.

लोकांना वाटतं, जास्त वॅटचा चार्जर घेतला की झालं. नाही होत. एका कंपनीचा चार्जर आपल्याच भाषेत बोलतो आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनला ती कळत नाही. दोघंही अस्सल, दोघंही महाग, आणि समोरासमोर मुके. मी दिगंबरच्या फोनसाठी असाच एक घुम्या चार्जर शोधला. केबल मुद्दाम पातळ तारेची निवडली, तीन अँपिअरच्या वर न जाणारी. पाच गुणिले तीन, पंधरा वॅट. लावून बघितलं. फोन झोपला. ॲपवर तीन हिरव्या खुणा आल्या, अस्सल, अस्सल, अस्सल. खाली वेळ आली, सव्वा तास.

दिगंबरनं तो आकडा दोनदा वाचला. "घरी काय सांगू?"

"खरं सांगा."

"नको. तिला सांगितलं तर म्हणेल, नाटकं करू नका. कंपनीचा नवा चार्जर आहे, स्लो आहे, असंच सांगतो."

इथे त्याचं चुकलं. पण माणसाला केबल विकताना शहाणपण फुकट दिलं की केबलही घेत नाही, म्हणून मी गप्प बसले. त्याच्या केबलीला निळ्या दोऱ्याची गाठ मारली. एकसारख्या दिसणाऱ्या केबली परत आल्या तर ओळखू याव्यात म्हणून मी तशी खूण करते.

तेरा तारखेला तो परत आला. ताडताड चालत, केबल हातात चाबकासारखी धरून.

"ताई, ही केबल खराब आहे."

"बरं."

"बरं काय? सव्वा तास म्हणालात. काल सव्वादोन तास लागले. परवा अडीच. तिकडून फोन, इकडे ती रागावलेली. जेवायचं ताट झाकून निघून गेली आतल्या खोलीत. बारा दिवस राहिलेत माझ्याकडे."

मी केबल तिची नोंद वाचणाऱ्या रीडरला लावली. हे नवीन खूळ तीनेक वर्षांचं. मधे दोन-चार घरांत आगी लागल्या आणि चूक कोणाची यावरून चार्जरवाले केबलवाल्यांवर, केबलवाले फोनवाल्यांवर घसरले. तेव्हा नियम आला, केबलीच्या चिपनं महिन्याभराची नोंद ठेवायची. कधी लावली, किती व्होल्ट, किती तापली, कधी काढली. माणसं खोटं बोलतात, तार बोलत नाही, असा विचार असावा.

पडद्यावर नोंद आली. मी पडदा त्याच्याकडे वळवला. "वाचा."

"आठ तारीख. आठ वाजून पाच, लावली. आठ नऊ, काढली. आठ दहा, लावली. आठ चौदा, काढली..." त्याचा आवाज खाली गेला.

"चौदा वेळा," मी म्हटलं. "नऊ तारखेला बारा. दहाला तेरा. दर वेळी काढलीत की फोन जागा होणार, तुम्ही बघणार, परत लावणार, ते तिघं परत बोलणी करत बसणार. मग सव्वा तासाचे अडीच होतात. केबल शहाणी आहे, भाऊ. ही नोंद तुमच्या हाताची आहे."

"मी फक्त बघत होतो. चेंबरमध्ये काही झालं तर?"

"दुसरा माणूस आहे ना?"

"आहे. चांगलाय तो. तरी."

मी स्टूल पुढे सरकवलं. या वेळी तो बसला. मी म्हटलं, "भाऊ, एक सांगा. गॅस सोडल्यावर चेंबरचं दार किती वेळ बंद ठेवता?"

"चोवीस तास. त्यात शंका नाही."

"आणि एखादा कामगार दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायला लागला, पिकलं का, पिकलं का, तर?"

"हाकलून देईन. गॅस निघून जातो. अर्धी केळी पिवळी, अर्धी हिरवी. अख्खी खोली वाया जाते. मागच्या वर्षी एकाला काढलाच मी, रोज सांगून..."

तो तिथेच थांबला. केबल हातात घेऊन त्या निळ्या गाठीकडे बघत राहिला. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फोनातला कचरा काढायला घेतला. काही गोष्टी माणसाला एकट्यानं चावू द्याव्या लागतात.

जाताना तो म्हणाला, "बसायचं म्हणजे काय करायचं, ताई? सुरुवात कुठून करायची? समोर बसलो की मला चेंबरशिवाय काही सुचत नाही."

"चेंबरचंच सांगा. त्यांनी कधी ऐकलंय?"

"नाही," तो म्हणाला. "तिनं विचारलं होतं, लग्न झालं तेव्हा."

त्यानंतर तो आला नाही. न येणारं गिऱ्हाईक एकतर खूश असतं नाहीतर दुसऱ्या दुकानात असतं.

चोवीस तारखेला दुपारी एक बाई आल्या. कॉटनची साडी, पर्सच्या पट्ट्यात अडकवलेलं ओळखपत्र, आणि पर्समधून काढलेली केबल. निळी गाठ माझ्या आधी माझ्या डोळ्यांनी ओळखली.

"मला एक चार्जर आणि केबल हवीय," त्या म्हणाल्या. "माझ्या फोनला जुळणारी, सगळ्यात फास्ट. बाहेरगावी न्यायचीय. आणि ही बघा. आमच्या ह्यांच्या फोनची आहे, सव्वा तास घेते मेली. नमुना म्हणून आणलीय. हिच्यासारखी नको, एवढंच बघा."

"बसा ना, वहिनी."

बोलून गेले आणि जीभ चावली. कुठल्याही गिऱ्हाईक बाईला मी ताई म्हणते. वहिनी म्हणजे नवऱ्याची ओळख आहे हे जाहीर करणं.

चारुशीला बेंडाळे यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "ह्यांना ओळखता?"

"केबल ओळखते. माझ्याकडचीच आहे."

"इथून घेतली? मला म्हणाले, कंपनीनं दिली."

मी केबल रीडरला लावली. खरं सांगायचं तर हात सवयीनं गेला. आधी नोंद, मग बोलणं, हा दुकानाचा रिवाज. एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हाही दुकानाचाच रिवाज. पण पडदा तेरा तारखेपासून काउंटरच्या बाहेरच्या बाजूला वळवलेलाच राहिला होता, आणि समोर बसलेल्या बाईचा दिवस आकडे वाचण्यात जात होता.

"हा शेवटचा रकाना कसला?"

"त्या बैठकीत किती वेळा प्लग काढला."

त्यांनी बोट लावून वाचलं. "चौदा. बारा. तेरा. अकरा. पंधरा." मान हलवली. "बरोबर. मी समोरच होते. काढायचे, बघायचे, लावायचे. बस स्टँडवर बसल्यासारखं वाटायचं. मी बोलायचीच थांबले." बोट खाली सरकलं. "तेराला सहा. मग सहा. चार. पाच. हो, यातल्याच एका दिवशी मला इथिलीनबद्दल सांगत होते. पाऊण तास! म्हणाले, एक पिकलेलं केळं हिरव्यांत ठेवलं तर ते बाकीच्यांना पिकवतं. मी म्हटलं, हे मला आता सांगताय?" त्या हसल्या नाहीत, पण तोंडाचा कोपरा हलला. "दोन. तीन. एक. एक. एक. एक."

बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"ही कालची?"

"तेवीस तारीख. आठ पाचला लावली, नऊ वीसला काढली. मधे शून्य."

"काल मी घरी नव्हते," चारुशीला म्हणाल्या. "दुपारपाळी होती. रात्री दहाला सुटले."

मी ती ओळ परत बघितली. तारीख तेवीसच होती.

"घरात कोणीच नव्हतं. मग बसले कोणासमोर?"

"ते केबल सांगत नाही, वहिनी."

त्यांनी पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, न पिता परत लावलं. मग तंत्रज्ञ बाईच्या कोरड्या आवाजात विचारलं, "ही खराब आहे का?"

"नाही. अस्सल आहे. चार्जरही अस्सल आहे. फक्त तो ह्या फोनची भाषा बोलत नाही."

"असं चुकून होतं?"

आता हा प्रश्न माझ्या धंद्याचा होता, त्याला उत्तर देणं मला भाग होतं. "एक चुकीची वस्तू चुकून येते. दोन अस्सल वस्तू, दोन्ही नेमक्या एकाच ठिकाणी अडणाऱ्या, अशा चुकून येत नाहीत. शोधाव्या लागतात."

मला वाटलं होतं, डोळे भरतील. भरले नाहीत. त्या चिडल्या.

"कंपनीला फसवलं ते ठीक. मला कशाला? मी सोळा दिवस समजतेय, ह्यांचा फोन मेलाय म्हणून हे माझ्यासमोर बसलेत. नाइलाजानं. एखाद्याला शिक्षा झाल्यासारखे. एकदा तोंडानं म्हणायला काय होत होतं, तुझ्यासाठी केलं म्हणून?"

"म्हणाले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"म्हटलं असतं, नाटकं करू नका." त्यांनी निळ्या गाठीवरून बोट फिरवलं. "म्हटलंच असतं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर नंदुरबारचं नाव होतं, मला उलटं वाचता येतं. त्यांनी उचलला. "हो सर... उद्या शेवटची तारीख, माहितीये सर... घर बघून ठेवलंय? अरे वा." मग त्यांची नजर परत त्या शून्यावर गेली. "सर, उद्यापर्यंत नको, आत्ताच कळवते. मी येत नाहीये... नाही सर, विचार झालाय... हो, परत कधी मिळेल सांगता येत नाही, कळतंय मला... कारण?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरगुती."

त्यांनी फोन ठेवला. बढती सोडणं म्हणजे काही रद्दी टाकणं नव्हे. मी पाणी पुढे केलं, त्या प्यायल्या.

"मग फास्ट चार्जर नकोच आता," मी म्हटलं.

"चार्जर पाहिजे." त्यांनी आपला फोन काउंटरवर ठेवला. "त्या सोळा दिवसांत माझाही फोन वाजायचा. पेढीतून, बहिणीकडून, मैत्रिणींकडून. हे त्या प्लगशी झगडत बसायचे आणि मी आरामात बोलत बसायचे. माझा कोणी मोजलाच नाही. मला पण असाच घुम्या द्या. पाळी नसेल त्याच दिवशी लावीन. रक्ताच्या कामात खोळंबा नको."

त्यांच्या फोनची कंपनी वेगळी, त्यामुळे त्याच्याशी न पटणारा चार्जर नव्यानं शोधावा लागला. चौथा पटला नाही, म्हणजे पटला. लावून बघितलं. फोन झोपला, वेळ आली, एक तास दहा मिनिटं.

"काढते आता," मी म्हटलं.

"राहू द्या. पंधरा मिनिटं बसते. जमतंय का बघू."

त्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसल्या. भिंतीवरच्या केबली बघितल्या. बाहेरचा रस्ता बघितला. ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. घड्याळ बघितलं. दोन मिनिटंही झाली नसतील, त्यांचा हात गेला आणि प्लग निघाला. फोन जागा झाला. त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला, पडदा वरखाली सरकवला.

"कोणीच फोन केला नाही," त्या म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांना थोडं वाईटच वाटलेलं दिसलं. मग त्यांनी प्लग परत लावला.